चादरीचं दुसरं टोक

तुम्ही इथे काम करता का, असं त्या माणसानं विचारलं तेव्हा माझ्या खांद्यावर कॉलेजची सॅक होती आणि दोन्ही हातांत चादरीचं टोक. दुसरं टोक काकूंकडे. चादर आमच्या दोघींच्या मधे ताणलेली, घडीच्या तयारीत. प्रश्न तसा साधाच. दुकानात आलेलं गिऱ्हाईक असं विचारतंच, शर्ट कुणाच्या हातात द्यायचा ते त्याला कळायला हवं असतं. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं की आज गुरुवार. माझे आठवड्याचे ठरलेले तास बुधवारी संध्याकाळी संपतात. गुरुवारपासून रविवारपर्यंत मी इथे काम करत नाही, मी इथे फक्त राहते. म्हणून मी "नाही" म्हणाले. मग हातातल्या चादरीकडे बघून "म्हणजे, आत्ता नाही" म्हणाले. एवढ्याशा प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली की कुणीही मान वर करून बघेल. त्यानंही पाहिलं. राखाडी कोट, नीट कापलेली नखं, हातात एकच पांढरा शर्ट. तो शर्ट मळलेला नव्हता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. लॉन्ड्रीत राहिलं की माणसांच्या आधी कॉलरी दिसायला लागतात. "बरं," एवढंच म्हणून त्यानं शर्ट काउंटरवर ठेवला. काकूंनी आपलं टोक सोडून त्याला पावती दिली. निम्मी चादर जमिनीला लागली, म्हणजे ती पुन्हा धुणं आलं.

काकू माझ्या सख्ख्या काकू नव्हेत. आईच्या मैत्रिणीची नणंद. पण परक्या देशात नातं जोडायला एवढा धागा पुष्कळ झाला. काका गेल्यापासून लॉन्ड्री त्या एकट्या चालवतात. शर्ट-पँट नावाला, खरं पोट भरतं ते हॉटेलांच्या चादरींवर. वर एक खोली आहे, ती माझी. खोलीला मागचं दार नाही. जिना दुकानातूनच चढतो. म्हणजे कॉलेजातून आले की आधी काउंटर, मग घड्या घालायचं टेबल, मग चादरींना इस्त्री करणारा रोलर, आणि त्याच्या अंगावरून वळसा घालून जिना. आता मला सांगा, टेबलावर ढीग पडलाय, काकूंची पाठ दुखतेय, आणि एक धडधाकट मुलगी दोन्ही हात खिशात घालून शेजारून वर निघून जाते, हे कुठल्या घरात शोभतं? आमच्या घरात तर नाहीच नाही. आईचा एक शब्दप्रयोग होता, 'बसल्या बसल्या'. बसल्या बसल्या एवढे मटार सोल. बसल्या बसल्या बाबांच्या शर्टाचं बटण लाव. बसल्या बसल्या त्या रिळाचा गुंता सोडव. आमच्याकडे नुसतं कुणी बसतच नसे. बसणं ही एक सवड होती आणि सवड म्हणजे काम सुचायची वेळ. ताप आला तरी आई उशाशी लसूण ठेवायची, पडल्या पडल्या निवडायला. आत्या आली की म्हणायची, वहिनी, तुझ्या पोरीला जरा श्वास तरी घेऊ दे. आई म्हणायची, घेऊ दे की, श्वास घ्यायला हात कुठे लागतात. माझे हात असे घडले. ते मला विचारून उठत नाहीत. ढीग दिसला की जातात.

आणि नियम मला माहीत नव्हता असं नाही. पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या कचेरीतल्या बाईंनी आम्हा बाहेरून आलेल्या सगळ्यांना हॉलमध्ये बसवून समजावलं होतं. गोड आवाजाच्या बाई. अंगाई म्हणाल्या असत्या तर झोप लागली असती. सत्र चालू असताना आठवड्याला इतकेच तास, एक मिनिट जास्त नाही. त्यापलीकडे गेलात तर व्हिसा जातो, व्हिसा गेला की शिक्षण जातं, आणि पुन्हा या देशाचं दार वाजवायची सोय राहत नाही. कुणीतरी विचारलं, पैसे न घेता कुणाला मदत केली तर? बाई म्हणाल्या, ज्या कामाला एरवी पगार देऊन माणूस ठेवावं लागलं असतं, ते काम. तुम्ही पैसे घेतलेत की नाही हा प्रश्नच नाही. मागून एकजण म्हणाला, मग घरमालकिणीची भांडी घासली तर? सगळा हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, घरमालकीण भांडी घासायचा धंदा करते का, ते बघावं लागेल. तेव्हा मीही हसले होते. काकूंकडे राहायला जाणं तेव्हा ठरायचं होतं.

त्या गुरुवारी वर खोलीत आले, दार लावलं आणि पलंगावर बसले. जमीन पायाखाली कोमट होती. खाली रोलर चालू असला की माझी खोली गरम होते आणि खिडकीतला पेला बारीक थरथरत राहतो. मला एकदम चष्मेवाला आठवला. मी काकूंकडे यायच्या आधी वसतिगृहात होते, तिथे समोरच्या खोलीत तो राहायचा. रात्रंदिवस कसल्यातरी गोदामात खोकी चिकटवायचा. त्याच्या बोटांना कायम चिकटपट्टीचा वास यायचा. आम्ही त्याला चिडवायचो, अरे अभ्यासालाही थोडी चिकटपट्टी लाव. एक दिवस सकाळी त्याचं दार उघडं होतं. गादी गुंडाळून भिंतीला लावलेली. नळाशी दात घासायचा ब्रश तसाच, अजून ओला. गोदामात कुणीतरी आलं होतं म्हणे, शांतपणे नावं विचारून गेलं. ओरडाआरडा नाही, धरपकड नाही. त्याची चहाची किटली कुणीच नेली नाही म्हणून मी उचलली. ती अजून माझ्या खिडकीत आहे. तिच्यात उकळलेल्या पाण्याचा चहा मी रोज पिते. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला ते पाणी नको झालं.

मी माझी धास्ती सांगितली तेव्हा काकू आधी हसल्या. "अगं, घरच्या माणसानं चादरीचं टोक धरलं तर ते काय काम म्हणायचं? उद्या म्हणतील दार उघडलंस म्हणजे दरवान झालीस." पण भांडी घासणाऱ्या घरमालकिणीची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. दंड त्यांनाही झाला असता, दुकानाला कुलूप लागलं असतं. त्या बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या. दोरा ओवला गेला होता तरी. मग म्हणाल्या, "उद्यापासून बुधवारनंतर हात लावायचा नाही कशाला. पाहुणीसारखी राहा." मी म्हटलं, "पाहुणीला चहा तरी मिळतो." त्या म्हणाल्या, "करून घे की. तेवढं चालत असेल." आम्ही दोघी हसलो. पण 'असेल' हा शब्द मग त्या घरात राहायलाच आला. जेवणाची ताटं मी उचलायची की नाही? दुकानाचा दिवा मालवायचा की नाही? शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर पाटी उलटी करणं, हे काम की येता-जाता? आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि म्हणायचो, चालत असेल.

तो माणूस पुन्हा आला. शुक्रवारी शर्ट न्यायला, शनिवारी दुसरा द्यायला. तोही तसाच, न मळलेला. पुढच्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार मी काउंटरवर ताठ उभी होते, हक्कानं, ये म्हणावं आता आणि विचार. तेव्हा काही आला नाही. गुरुवारी आला. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. पाण्यातला गाळ कसा खाली बसतो त्याचं गणित होतं, आमच्या परीक्षेचा तो मुख्य भाग. त्यानं काकूंना विचारलं, "ही तुमची कोण?" काकू म्हणाल्या, "पुतणी." मला कळलं की त्या घाबरल्या आहेत. काकू घाबरल्या की त्यांचा आवाज मोठा होतो. "सख्खी?" त्यानं विचारलं. "अगदी सख्खी," काकू म्हणाल्या, "दिराची मुलगी." दीर त्यांना नव्हताच. काका एकुलते एक. आमच्याकडे म्हण आहे, खोट्याचे पाय लुळे. हे खोटं तर धावतही नव्हतं, नुसतं समोर उभं राहून त्याच्याकडे बघत होतं. तो म्हणाला, "बरं असतं, घरचं माणूस असलं की. हाताशी येतं." मी पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते मला माहीत नाही. मला फक्त दिसत होतं की माझे हात पुस्तक धरून आहेत आणि तो त्या हातांकडे बघतो आहे.

मी काकूंना म्हटलं, मी दुसरीकडे खोली बघते. काकू म्हणाल्या, बघ. पण सत्राच्या मधे खोली कुठून मिळायची, आणि मी गेले तर त्यांना संध्याकाळी बोलायला कोण. आम्ही दोघींनीही तो विषय तसाच ठेवला. कठीण होतं ते बसणं. तुम्ही कधी नुसतं बसून पाहिलंय, समोर काम चालू असताना? आधी तळहातांना घाम येतो. मग बोटं काहीतरी शोधतात, दोरा, सुरकुती, टेबलाची कडा. मग मी हात मांडीखाली घेऊन बसायला शिकले. शाळेत दंगेखोर पोरांना बसवायचे तसं. आईचा फोन यायचा. "काय करतेस?" "बसलेय." "नुसती?" आईच्या आवाजात काळजी असायची, बरं नाही का पोरीला, अशी. "अगं, काकूंना जरा हातभार लाव. माणसानं उपकार विसरू नयेत." मी "हो" म्हणायचे. तिला नियम समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, मदत करू नको असा कुठे नियम असतो का, वेडे, तू नीट ऐकलं नसशील.

रोलरबद्दल सांगायला हवं. दोन गरम लाटण्यांसारखे रूळ, माणसापेक्षा लांब, एकमेकांवर फिरणारे. अलीकडून ओली चादर घालायची, पलीकडून ती कोरडी आणि कडक होऊन येते. ते दोन माणसांचं यंत्र आहे. एकीनं घालायची, दुसरीनं घ्यायची. हात आत जाऊ नये म्हणून घालणाऱ्या बाजूला एक फळी असते, तिला धक्का लागला की सगळं थांबतं. पण आमची फळी म्हातारी झाली होती, चादर जराशी घासली तरी थांबवायची, म्हणून काकूंनी ती केव्हाच सुतळीनं बांधून टाकली होती. यंत्र थांबवायला राहिला पलीकडच्या बाजूचा लाल दांडा. आणि काकूंना एक वाईट खोड, शेवटच्या क्षणी सुरकुती ओढायची. चादर आत जात असते, आणि यांना कोपऱ्यात एक रेघ दिसते, की लगेच बोटं पुढे. मी पलीकडे उभी असले की माझा एक डोळा चादरीवर असायचा आणि एक काकूंच्या स्वेटरच्या बाहीवर. "काकू, बाही," मी म्हणायचे. "हो गं बाई," त्या म्हणायच्या आणि हात मागे घ्यायच्या. एक-दोनदा मी दांडाही ओढला होता. त्या चिडल्या, चादरीला डाग पडतो म्हणून. आमचं काम असं चालायचं, बाही आणि हो गं बाई.

बुधवारनंतर माझ्या जागी रोलरवर येणारी बाई गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली आणि त्याच आठवड्यात हॉटेलात कसलंसं मोठं संमेलन आलं. चादरींच्या गोण्या दारापर्यंत. काकूंनी बदली माणूस शोधलं, मिळालं नाही. हॉटेलला नाही म्हणायची सोय नव्हती, एकदा नाही म्हटलं की गाडी दुसऱ्या दारात उभी राहते. शनिवारी सकाळपासून मी वर बसून खालचं ऐकत होते. आता मला त्या आवाजांवरून सगळं कळायचं. काकू चादर घालतात. मग भरभर चार पावलं, वळसा, पलीकडे. चादर ओढून घेतात. टेबलावर टाकतात. पुन्हा वळसा, अलीकडे. पन्नाशी उलटलेली बाई एकाच यंत्राच्या दोन्ही बाजूंना असायची धडपड करत होती. पेला खिडकीत थरथरत होता. गाळाचं गणित पुढे सरकत नव्हतं. पावलं हळू व्हायला लागली. मधेच थांबायला लागली. एकदा खालून "अगं..." असं आलं आणि तिथेच तुटलं. काकूंनी हाक मारली आणि गिळली. मी ऐकलं आणि त्यांना माहीत होतं की मी ऐकलं. खालून पुन्हा पावलं, पुन्हा वळसा.

मी दुपारी खाली उतरले. काकूंचा चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. "कशाला आलीस?" "सोबतीला." "तिथेच बस. काचेतून सगळं दिसतं." मी पायरीवर बसले, हात मांडीखाली. म्हटलं, "काकू, थोडं थांबा, पाणी प्या." त्या म्हणाल्या, "एवढी गोणी झाली की." मग हसून म्हणाल्या, "तू ना, सासूसारखी बसलीयस. मी मरतेय आणि तू बघतेयस." मलाही हसू आलं. मी म्हटलं, "सासूला व्हिसा लागत नाही." त्यांनी पुढची चादर उचलली. दुकानाच्या दाराला 'बंद' अशी पाटी होती, जेवणाच्या सुट्टीची. काचेबाहेर राखाडी कोट आला. त्याच्या हातात शर्ट होता. पाटी वाचूनही तो गेला नाही, काचेपाशी कपाळ आणून, डोळ्यांवर हाताची सावली धरून आत बघू लागला. त्यानं मला पाहिलं. मी हात मांडीखाली आणखी आत सारले, इतके की मनगटं दुखली. मला वाटलं, बघ. नीट बघ. बघ मी काही करत नाहीये.

काकूंना कोपऱ्यात एक रेघ दिसली. त्यांची बोटं पुढे गेली. बाही मला त्यांच्या आधी दिसली, सैल झालेली लोकर, तिचा एक फास लोंबत होता तो चादरीबरोबर ओढला गेला. 'काकू, बाही' हे दोन शब्द. रोजचे. पण ते शब्द पलीकडे उभं राहणाऱ्या बाईचे होते, आणि आज शनिवार होता. मी विचार केला असं नाही. विचार करायला वेळ लागला असता आणि तेवढा वेळ गेलाच नाही. शब्द आले नाहीत, हात उठले नाहीत, एवढंच झालं. आयुष्यभर मला न विचारता उठलेले हात मांडीखाली गरम होऊन पडून होते. काकू किंचाळल्या नाहीत. त्यांनी "आई गं" म्हटलं, हलक्या आवाजात, ठेच लागल्यावर म्हणतात तसं. मग त्यांचं मनगट आत गेलं.

दार आपटलं. पाटी खाली पडली. राखाडी कोटवाला आत होता आणि यंत्राभोवती वेड्यासारखा हात फिरवत होता. "हे बंद कुठून होतं? कुठून बंद होतं?" तो माझ्याकडे वळला. "तुम्हाला माहीत असेल. तुम्ही इथे काम करता ना?"

"नाही," मी म्हणाले.

या वेळी एकच उत्तर आलं. स्वच्छ, ताबडतोब, जराही न अडखळता. काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. ओळख पटत नसल्यासारखं. मग त्यांनीच त्याला सांगितलं, "पलीकडे. लाल." त्यानं वळसा घातला, माझ्या जागेवर उभा राहिला आणि दांडा ओढला. पेल्याची थरथर थांबल्याचं मला खाली बसून कळलं. दुकानात जळक्या लोकरीचा वास होता. मग मी उठले. उठून काय केलं ते मला सलग आठवत नाही. पाणी आणलं असेन, फोन केला असेन. माणूस करतो ते सगळं मी केलं, पण ते नंतर.

दवाखान्यात काकूंना आत घेतलं, बऱ्याच वेळानं बाहेर आणून एका खाटेवर ठेवलं. उजव्या हाताचं कोपरापर्यंत मोठं पांढरं गाठोडं झालं होतं. डॉक्टर बोटांबद्दल बोलले, म्हणाले, बघू, आत्ताच काही सांगता येत नाही. राखाडी कोटवाला गेला नव्हता. त्याच्या शर्टाची घडी त्यानं अजून काखेत धरली होती. नर्सनं त्याला विचारलं, तुम्ही नातेवाईक का? तो म्हणाला, नाही हो, मी शाळेत भूगोल शिकवायचो, आता रिटायर झालोय. मग जरा ओशाळून म्हणाला, मंडळी गेल्यापासून घरात करमत नाही, दुकानात गेलं की दोन शब्द बोलणं होतं, म्हणून शर्टाचं निमित्त. गुरुवारपासून गर्दी कमी असते तिथे. हे त्यानं मला उद्देशून सांगितलं, समजावल्यासारखं. मी मान हलवली. मला त्याचा राग यायला हवा होता, किंवा दया. काहीच आलं नाही. मी खाटेजवळच्या खुर्चीवर बसून त्याची कापलेली नखं बघत होते.

नर्सनं कागद काढला. कामाच्या जागी झालेला अपघात, त्यामुळे विचारावं लागतं, म्हणाली. यंत्रावर आणखी कोण होतं? काकूंचे डोळे मिटलेले होते, औषधानं जीभ जड झाली होती, पण आवाज मोठा निघाला. "मी एकटीच. ही माझी पुतणी. ही काम करत नाही तिथे. ही नुसती बसली होती." त्या मला वाचवत होत्या. इतक्या दुखण्यातही त्यांनी ते खोटं हाताशी तयार ठेवलं होतं, माझ्यासाठी, आणि त्यातला एक दीर सोडला तर आता त्यात खोटं काही उरलं नव्हतं. नर्सनं भूगोलाच्या मास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो," तो म्हणाला. "मी काचेतून सगळं पाहिलं. या मुलीनं हातसुद्धा लावला नाही कशाला. हवं तर तसं लिहून देतो."

नर्सनं लिहून घेतलं. माझी परीक्षा, माझा व्हिसा, आईनं गावभर सांगितलेली माझी पदवी, सगळं जिथल्या तिथे राहिलं. मास्तर निघून गेले. काकूंनी डोळे न उघडताच डावा हात चादरीबाहेर काढला आणि खाटेच्या कडेवर माझा हात चाचपडू लागल्या. बोटं आधी लोखंडी दांडीला लागली, मग खुर्चीच्या पाठीला. मी बघत होते. माझे हात अजून मांडीखाली होते.